सीटचं टोक

जबलपुरात सायकल बाळगणाऱ्या माणसाला त्या काळी दोनच धास्त्या असत, एक पंक्चरची आणि दुसरी आमच्या आतोबांची. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. इंग्रजांचं राज्य होतं, मध्यप्रांताच्या एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढत, आणि मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे जबलपुरातल्याच घमापुरात राहत होतो. नदीचा काठ काढावा तर यांनीच, असं साहेबसुद्धा म्हणे. पण आपला खरा अधिकार सायकलीवर आहे, अशी आतोबांची ठाम समजूत होती. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून ते "भैया, जरा उतरो" म्हणत, कोटाच्या खिशातून पाना काढत आणि त्याच्या सीटचं पुढचं टोक दोन बोटं खाली करून देत. चढ लागला की घोडा मान खाली घालतो, तशी सायकलनंही घालावी, हा त्यांचा सिद्धांत. उताराला काय करावं, हे विचारायची सोय नव्हती.

स्वतःची सीट तर त्यांनी ओळंबा लावून चांगली तीन बोटं खाली बसवली होती. तिच्यावरून ते सारखे पुढे घसरत आणि हँडलला रेटा देऊन स्वतःला मागे ढकलत. कचेरी येईपर्यंत दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत ठणकायला लागत. त्यांनी वांग्यांना दोष दिला, ताकाला दिला, उशीला दिला, एकदा तर नर्मदेच्या गार पाण्यालाही दिला. उजव्या दंडात तांब्याचं कडं चढलं. शेवटी एक हकीमजी तेलाची बाटली घेऊन सायकलवरून आले. आतोबांनी तेल ठेवून घेतलं आणि उपकाराची फेड म्हणून त्यांच्या सीटचं टोक खाली करून दिलं. आठ दिवसांनी हकीमजी परत आले ते उरलेलं तेल मागायला. त्यांचीही मनगटं धरली होती. "हवाच खराब है," आतोबा त्यांना म्हणाले, आणि दोघं मिळून बराच वेळ हवेवर बोलत बसले.

मग एक दिवस कचेरीत पेन थरथरलं आणि बरगीजवळ नर्मदेला तिनं कधी न घेतलेलं एक वळण मिळालं. साहेब रागावला नाही. महिनाभर बघू, नाहीतर आवक-जावकच्या टेबलावर बसा, एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी आतोबांनी वाटेत एकाही सायकलला हात लावला नाही. घरी येऊन उजव्या हाताकडे बघत बसले. "हात गेला तर मग मी काय, टपालाला गोंद लावत बसू?" ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आत्या पोळ्या लाटत होती. "माझा बसायचा पाट पुढून खचला की लाटताना माझेही खांदे असेच भरून येतात," ती म्हणाली. "सगळं अंग हातावर येतं. ते टोक वर घ्या न जरा."

"सायकल म्हणजे का पोळपाट आहे? काहून बोलून राहिलीस उगाच," असं म्हणून आतोबा उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला बसले. त्यांच्या पूजेत मंत्र कमी आणि घंटा फार. आत्यानं खुंटीवरच्या कोटातून पाना काढला, मला हँडल धरायला लावलं आणि टोक वर घेतलं. "त्यांना समजलं तर?" मी विचारलं. "घंटेकडे लक्ष ठेव," ती म्हणाली, "थांबली की आत चाल."

पंधरा दिवसांत हातांचा ठणका उतरला आणि नर्मदा सरळ झाली. श्रेय तांब्याच्या कड्याला मिळालं. सीटचा नट जुना होता, महिन्याभरात खडबडीत रस्त्यानं टोक पुन्हा झुकायचं, आणि आत्या पूजेच्या वेळी ते पुन्हा वर घ्यायची. पुढे पुढे आतोबा रस्त्यावरच्या लोकांच्या सीटा सपाट करून द्यायला लागले. सिद्धांतात थोडी सुधारणा केली आहे, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मी त्यावर फारसा विचार केला नाही.

पुढे मला नागपूरला नोकरी लागली. आत्या गेली त्यानंतर काही महिन्यांनी मी घमापुरात गेलो, तेव्हा आतोबा दंड चोळत ओसरीवर बसले होते. कडं दंडातच होतं. सायकल भिंतीला टेकलेली होती आणि टोक पार खाली गेलं होतं. सकाळी अंघोळ करून ते आले, कोटातून पाना काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मी पूजेला बसतो," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले. "अगदी सपाट नको करू, भाऊ. तुझी आत्या सूतभर वर ठेवायची."

मला आत्याची एकदम फार आठवण आली. नट गंजला होता, वेळ लागला. मी टोक सूतभर वर घेतलं, नट आवळला, पाना पुसून कोटात ठेवला, तरी आत घंटा वाजतच होती.