चालत्या रेघेपासून अर्धा मैल

पायता बंदरातून निघणाऱ्या सर्वेक्षणाच्या जहाजावर फेर्मिन केरेवालू एकवीस वर्षं बादली टाकत होता. दोरीने बादली समुद्रात सोडायची, वर ओढायची, तापमापक बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. आता तेच काम करणारं यंत्र जहाजाच्या पोटात बसलं होतं. बादली उरली होती ती केवळ पडताळ्यापुरती, आणि या फेरीत तीही जायची लक्षणं दिसत होती.

झालं असं की, थंड पाणी संपून गरम पाणी सुरू होतं ती रेघ पहाटे जहाजाने ओलांडली. इंजिनिअर ओफेलियाबाईंनी संगणकात तिथे खूण केली. मग दिवसभर जहाज नागमोडी फिरत जाळी टाकत राहिलं. दुपारी जाळ्यात थंड पाण्यातली अँकोवेता मासळी आली. संगणक म्हणाला, जहाज रेघेपासून गरम बाजूला सहा मैल. फेर्मिनच्या वहीत होतं, गरम बाजू, अर्धा मैल.

"काका, साडेपाच मैलांचा फरक?" बाई म्हणाल्या. "उपग्रह चुकत नाही हो. कप्तानसाहेब आधीच तुम्हाला किनाऱ्यावर दोरांच्या कोठारात धाडायला बसलेत. त्यांना मी काय सांगू?"



"जा की कोठारात," आचारी एचे म्हणाला. "तिथे उंदरांचा ताप मोज."

"गप रे!" फेर्मिन म्हणाला. "बाई, आपण कुठे आहोत ते तुमच्या यंत्राला पक्कं ठाऊक. पण रेघ कुठे आहे? आमच्या बंदरात रेघ आली, रेघ गेली असंच म्हणतात. रेघ 'आहे' असं कुणी म्हणत नाही. म्हणून रेघेवरचा फेसाचा पट्टा ओलांडला की मी पुन्हा शून्यापासून मोजतो. आज तीनदा ओलांडला."

"तीनदा? आणि मी पहाटेचीच खूण..." बाई मध्येच थांबल्या आणि तडक कप्तानाकडे गेल्या.

डिझेलच्या नावाने पुटपुटत कप्तानाने पडताळ्यासाठी जहाज दक्षिणेला, थंड पाण्याच्या बाजूला वळवलं. फेर्मिन बादली टाकू लागला. बावीस अंश. पुन्हा बावीस. रेघ एव्हाना मागे फिरली असेल तर? परत बावीस.

"सूप अजून गरमच दिसतंय!" एचे ओरडला.

पुढची बादली वर आली. अठरा!

"पाऊण मैल झाला," फेर्मिन ओशाळून म्हणाला. "मी अर्धा लिहिला होता."

"सहा तर नाही ना!" बाई हसल्या. "उद्यापासून रेघ ओलांडली की वेळ लिहायची. रेघ त्या वेळी जिथे असेल तिथूनच अंतर धरायचं. कप्तानांशी बोललेय मी. पण काका, दर दहा मिनिटांनी बादली लागेल."

"दहा? मग जेवू कधी?"

"रेघ थांबली की," एचे म्हणाला.

फेर्मिनने खांदा चोळला आणि बादली सोडली.