तानुबाईच्या गल्लीतली हाळी

धुळ्याच्या खालच्या अंगाला, पांझरेच्या काठी एका गावात तानुबाईचं सासर होतं. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिचा नवरा झुलाल पलटणीत भरती झाला. जनावरांवर त्याचा हात बसलेला, म्हणून त्याला खेचरांच्या तांड्यावर नेमलं आणि बोटीत घालून बसऱ्याकडे धाडलं. पहिली मोठी लढाई संपली आणि तो परत आला. अंगावर एक ओरखडा नव्हता. सासूने त्याच्यावरून भाकर ओवाळून टाकली आणि देवाने लेक जसा नेला तसा आणून दिला, असं दारोदार सांगितलं.

तसा दिला नव्हता, हे तानुबाईला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कळलं. दिवेलागणीला ती ओट्यावर पणत्या मांडत होती, झुलाल तिला वाती देत होता. एवढ्यात शेजारच्या छगनने ओट्याखालीच फटाक्यांची चिनी माळ पेटवली. पुढचं काही तिला उमगलंच नाही. पणत्या उडाल्या, ती पालथी पडली आणि झुलालचं अख्खं अंग तिच्यावर आलं. माळ संपली तरी तो उठेना. चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं, तेव्हा तानुबाईचं मनगट मोडलेलं होतं.

झुलालने सणासुदीला बायको मारली, असं गावभर झालं. कुणी म्हणालं, परमुलखातलं काही अंगात शिरलंय. सासऱ्याने भगत आणला, लिंबू उतरवलं. माहेराहून तिचा भाऊ अभिमन गाडी जुंपून तिला न्यायला आला. झुलाल गोठ्यात खाली मान घालून बसला होता. आपण असं का केलं, ते त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं. तानुबाईला मात्र ते पडल्या पडल्याच कळलं होतं. त्याचा हात तिच्या डोक्यावर होता आणि पाठ आवाजाकडे होती.

"त्यास्नी मारं नही मले," ती भावाला म्हणाली. "झाकं."

अभिमन बैलांना पाणी दाखवून गाडी घेऊन एकटाच माघारी गेला.

हाडवैद्याने मनगट बसवलं, पण ते थोडं वाकडंच राहिलं. पुढे कितीतरी वर्षं दिवाळी आली की नवरा-बायको मळ्यात राहायला जात. कपाशीच्या कडेला झोपडीत एक पणती लावायची, दोन करंज्या खायच्या आणि गावातले बार दुरून ऐकायचे. झुलाल बैलाच्या मानेला हात लावून उभा राही. तानुबाईला गल्लीची आठवण येई, पण ती कधी तसं बोलली नाही. शिमगा असो, कुणाच्या लग्नातली शोभेची दारू असो, दर वेळी हेच.

एका उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यात विहीर खोदायला घेतली. खाली काळा खडक लागला, म्हणून सुरुंग लावणारे आले. तानुबाईचा जीव धास्तावला. सुरुंगवाला वात पेटवण्याआधी काठावर येऊन लांब हाळी द्यायचा, सगळ्यांनी बाजूला व्हा म्हणून. हाळी ऐकली की झुलाल नांगर थांबवायचा, जमिनीवर उकिडवा बसायचा आणि मूठभर माती हातात घट्ट धरायचा. धडाका व्हायचा. त्याच्या कपाळावर घाम यायचा, पण तो जागचा हलायचा नाही. मग उठून पुन्हा नांगर धरायचा. तानुबाई बांधावरून रोज पाहत होती. फटाकड्या कितीतरी बारीक, तरी त्यांनी तो कोलमडायचा आणि सुरुंगाने नाही. आवाजापेक्षा त्याचं अचानक येणंच त्याला मोडतं, हे तिच्या ध्यानात आलं.

त्या वर्षी दिवाळीआधी ती छगनकडे गेली. बार लावण्याआधी गल्लीत एक हाळी द्या, एवढंच तिचं मागणं होतं. छगनला ते रुचलं नाही.

"वरीसमां एकच दिवाळी येस, वहिनी. ती बी इचारीसन करानी का?"

"इचारू नको, भाऊ. नुसतं सांगीसन लाव."

छगन आत गेला. त्याची आई कमलबाई दारात शेंगा फोडत होती. तिने तानुबाईचं वाकडं मनगट हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि तिला घरी जा म्हणाली. आत मायलेकांचं काय बोलणं झालं, ते कुणाला कळलं नाही.

लक्ष्मीपूजनाला झुलाल ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसला. छगनने हातात उदबत्ती घेतली, माळेजवळ वाकला, आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "झुलालभाऊ, लावस रे!" झुलालने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. माळ तडतडली आणि विझली. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण तो बसून होता.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. भाऊबिजेला कुणीतरी हाळी विसरलं आणि झुलाल भिंतीशी दुमडून पडला. या वेळी कुणी नावं ठेवली नाहीत, भगतही बोलावला नाही. छगन येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्याची धाप उतरेपर्यंत कपाशीच्या भावाच्या गोष्टी करत राहिला.

हळूहळू हाळी द्यायची गल्लीला सवय लागली. लग्नाची वरात आली तरी शोभेच्या दारूवाल्याला आधी ताकीद मिळे. झुलाल बरा झाला नाही, पण गल्लीत राहिला. पुढे तापाने तो गेला, तेव्हा दुसरी लढाई चालू होती.

ती लढाई संपल्यावर छगनचा पुतण्या मोतीलाल ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परत आला. तो कुणाशी बोलेना, संध्याकाळी घरात थांबेना. छगन त्याला तानुबाईकडे घेऊन आला. दिवाळी तोंडावर होती. गल्लीत हाळी देतातच, तू काळजी करू नको, असं छगन त्याला वाटभर सांगत आला होता.

तानुबाईने त्याला पाट दिला. मग विचारलं, "तुले कसानी भीती वाटस, बाप्पा?"

असं त्याला अजून कुणी विचारलं नव्हतं.

"आवाजनी नही," तो म्हणाला. "घासलेटना वासनी." जळणाऱ्या गाड्या, त्यात अडकलेली माणसं, असं काहीबाही तो तुटक सांगू लागला.

तानुबाईने कोनाड्यातली घासलेटची धुरकटलेली चिमणी फुंकली, उचलून परसात नेऊन ठेवली आणि दार ओढून घेतलं. अंधारातच तिने तिळाच्या तेलाचा बुधला चाचपला. देव्हाऱ्यातली समई मोतीलालच्या पुढ्यात आणून ठेवली, तेल घातलं, वात वर सारली आणि काडी ओढण्याआधी त्याला म्हणाली, "लावस मी."