बद्री मिस्त्रीचा कान

नारायण पेठेत नदीच्या अंगाला, दोन इमारतींच्या मधल्या बोळात बद्रीनाथ काळबांडेचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. पाटीवाचून काही अडतही नव्हतं, कारण पेठेत कुणाची गाडी कुरकुरली की शेजारी म्हणायचा, "आधी बद्रीला ऐकवा." दाखवा नाही, ऐकवा.

बद्रीनाथची पद्धतच तशी होती. गाडी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं, हातभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मोकळ्या हाताने त्याला गप्प करायचं. मग डोळे उघडून निकाल द्यायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." इंजिन उघडलं की तिसऱ्याचाच निघायचा. देवळातल्या गणपतीलाही "ठीक आहे" एवढंच म्हणणारे पेठेतले लोक, पण बद्रीच्या कानाबद्दल तेसुद्धा दोन शब्द जास्त बोलायचे.

वाशीमकडून आला तेव्हा त्याच्यापाशी एक पत्र्याची पेटी आणि नवी नवरी कौशल्या एवढाच संसार होता. बोळातली ही जागा त्याला मिळवून दिली रामदास वानखडे यांनी. ते पाटबंधारे खात्यात कारकून, तिकडचेच, अकोल्याचे. बद्रीने पुण्यात पहिली दुरुस्त केलेली गाडी म्हणजे वानखड्यांची स्कूटर. पुढे दोन्ही घरांचं जाणं-येणं वाढलं. वानखड्यांची पूर्वा लहानपणी शाळा सुटल्यावर कौशल्येकडेच येऊन बसायची आणि भाकरीचा पापुद्रा तेवढा सोलून खायची. कौशल्येला मूल झालं नाही. तिची सगळी हौस या पोरीवर फिटली.

मग देशाची दारं उघडली म्हणतात ती उघडली आणि त्या दारातून आधी गाड्याच आत आल्या. कालपर्यंत रस्त्यावर दोन-तीन तऱ्हेच्या गाड्या होत्या. आता रोज नवं नाव, आणि प्रत्येकीच्या पोटात एक कॉम्प्युटर. काही बिघडलं की तो समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लावायचा आणि बिघाडाचा नंबर स्वतःपाशी जपून ठेवायचा. हिंजवडीला नोकरीला जाणारी पोरं इंजिनाच्या आवाजाला नाही, या दिव्याला भ्यायची. शहरातले मिस्त्री स्कॅनर घेऊ लागले. स्टिअरिंगच्या खाली वायर जोडायची, नंबर वाचायचा, दुरुस्ती करायची आणि बटण दाबून तो नंबर, म्हणजे कोड, उडवायचा. दिवा परत लागला नाही तर काम झालं.

बद्रीनाथ या सगळ्याला हसायचा. "समोर माणूस कण्हतोय, त्याला विचारायचं सोडून हे त्याची चिठ्ठी वाचतात," म्हणायचा. आणि एक दिवस त्याने स्वतःच स्कॅनर आणला. गल्लीला नवल वाटलं. बद्री सुधारला, असं सगळे म्हणाले.

सुधारला कसला! बद्रीच्या कानांनी दगा दिला होता.

हे पहिल्यांदा कळलं कौशल्येला, आणि तेही कुकरमुळे. सुट्टीच्या दिवशी शिट्ट्या मोजायचं काम त्याच्याकडे असायचं. एका रविवारी ती शेजारी गेली होती. परत आली तर घरभर जळका वास, डाळ तळाला लागलेली, आणि नवरा कुकरच्या बाजूलाच पेपर वाचत बसलेला. ती ओरडायला गेली आणि थबकली. त्याने तिची चाहूलही घेतली नव्हती.

सदाशिव पेठेतल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नसाच गेल्यात. आयुष्यभर ठोकाठोकीत काढलंत ना. मशीन लावा. आवाज मोठा येईल, पण यातला कुठला कशाचा, हे वेगळं करता येणार नाही." त्याने मशीन लावून पाहिलं. गॅरेजमध्ये सगळ्या आवाजांचा एकच गलका व्हायचा. त्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय बद्री, कान सर्व्हिसिंगला टाकलेत वाटतं?" "कान ठणकतोय, चार दिवसांचं आहे," म्हणून त्याने वेळ मारून नेली, आणि त्या दिवशी मशीन जे कपाटात गेलं ते गेलं.

"बहिरा मिस्त्री म्हणजे आंधळा सोनार," तो कौशल्येला म्हणाला. "कोण सोनं देईल हातात?"

तेव्हापासून कौशल्या गॅरेजमध्ये बसू लागली. लोकांना वाटलं, बायको हिशेब बघते. ती बघत होती इंजिन. बद्रीनाथ पूर्वीसारखाच स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभा राहायचा, आणि मिटल्यासारख्या डोळ्यांच्या फटीतून तिच्या बोटांकडे पाहायचा. ती टेबलाच्या कडेवर बोटांनी इंजिनाचा ताल धरायची. ताल चुकला की बोट चुकायचं. आत काही ठोकत असेल तर ती अंगठीचं बोट जोराने आपटायची. कान तिचे, डोकं त्याचं. बाकीची कसर स्कॅनर भरून काढायचा. माणसाचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नाही. कौशल्येला या लपवाछपवीची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा. एवढ्या वर्षांत नवऱ्याने तिला कामात कधी विचारलं नव्हतं. आता तिच्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं.

एका उन्हाळ्यात ती वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या घ्यायला मार्केट यार्डात गेली. नेमके तेव्हाच वानखडे आले.

गाडी पूर्वाची होती. पोरगी शिकून सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती, आणि कंपनी तिला अमेरिकेला पाठवणार होती. दोन दिवसांनी व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जायचं होतं. वानखड्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पिवळा दिवा लागतोय, आणि इंजिनात टकटक वाजतंय. दिवा त्यांनी गाडीत बसून दाखवला. टकटक वाजतंय म्हणताना ते बॉनेटकडे वळले होते, तरी इंजिनाकडे रोखलेल्या त्यांच्या बोटावरून बद्रीला कळलं, की हे आवाजाचं काहीतरी म्हणताहेत.

त्याने स्कॅनर लावला. धुरावर नजर ठेवणाऱ्या सेन्सरचा नंबर आला. उंदराने वायर कुरतडली होती. ती त्याने नीट जोडली आणि कोड उडवला. दिवा विझला. पुन्हा पुन्हा गाडी चालू-बंद करून पाहिली, दिवा लागला नाही. मग त्याने स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ कानाला लावली आणि सवयीने टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. त्या वेळी "उद्या या" म्हणायला हवं होतं. पण समोर वानखडे उभे, त्यांच्या चेहऱ्यावर मुलीचं कौतुक मावत नव्हतं, आणि स्कॅनर म्हणत होता की सगळं साफ आहे.

"काही नाही भाऊ," बद्री म्हणाला. "न्या बिनधास्त."

वानखडे गाडी घेऊन निघाले, आणि टकटक चालूच होती. त्यांना ती धडधडीत ऐकू येत होती. पूर्वालाही आली. "बाबा, अजून वाजतंय," ती म्हणाली. ते हसले. "बद्रीभाऊने कान लावून ऐकलंय. तो म्हणतो काही नाही, म्हणजे काही नाही. आपले कान वाजत असतील." बद्रीच्या कानाचा लौकिक एवढा मोठा, की बाप-लेकींनी स्वतःच्या चांगल्या कानांवर अविश्वास दाखवला.

मुंबईच्या वाटेवर, कामशेतचा बोगदा ओलांडल्यावर, इंजिन एकदा जोरात खडखडलं आणि जाम झालं. दुसरी गाडी मिळून मुंबई गाठेपर्यंत मुलाखतीची वेळ टळून गेली होती. पुढची तारीख महिन्याने मिळाली. तोवर कंपनीने पूर्वाच्या जागी दुसऱ्याला पाठवून दिलं. दिवाळीच्या सुमारास मंदीच्या बातम्या येऊ लागल्या आणि पाठवणंच बंद झालं. एकदा हुकलं ते हुकलंच.

पण वानखडे गॅरेजमध्ये आले ते त्या फजितीनंतर चारच दिवसांनी. "जय भीम" नाही की "कशा आहात वहिनी" नाही. त्यांनी खिशातून बेअरिंगचा झिजलेला, काळा पडलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"तिकडच्या मिस्त्रीने इंजिन उघडलं. म्हणाला, हे कित्येक दिवस ठोकत असणार. शेंबड्या पोरालाही ऐकू आलं असतं." ते बद्रीच्या समोर येऊन उभे राहिले आणि एकेक शब्द तोडून बोलले. "बद्रीभाऊ, मला एकच सांगा. त्या दिवशी तुम्हाला हा आवाज ऐकू आला होता, की नव्हता?"

प्रश्न बद्रीला लख्ख समजला. आता सांगून टाकावं, कौशल्येला वाटलं. वानखडे परके थोडेच आहेत! कळलं तर जवळ घेतील, रडतील, पूर्वासुद्धा माफ करील. ती उठली.

"भाऊ, अहो यांना—"

तिला उठलेली डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून बद्रीनाथने मान न वळवता हात वर केला. गिऱ्हाइकाला गप्प करायचा, तोच हात.

"आला होता," तो म्हणाला.

"आला होता?"

"हो. तुम्ही दिवा घालवायला आलात. दिवा घालवला."

वानखडे ओरडले असते तर बरं झालं असतं. "आपल्या माणसाशी काऊन असं वागलात?" एवढंच म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता बोळातून बाहेर पडले. बेअरिंग टेबलावरच राहिलं. पूर्वा त्यानंतर त्या बोळात कधी फिरकली नाही.

कौशल्या त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडली. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून त्याचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवून बोलली. "खोटं का बोललात? लबाड ठरलात ना!"

"लबाड मिस्त्री पुण्यात पुष्कळ आहेत," तो म्हणाला, "आणि त्यांची गॅरेजं चालू आहेत. बहिऱ्याचं एक दाखव."

हिशेब त्याच्या परीने बरोबर होता, पण पेठेला त्याने ओळखलं नव्हतं. बातमी पारावर पोहोचायला वेळ लागत नाही. ज्याने जागा मिळवून दिली त्याच्याच पोरीची गाडी, आवाज ऐकूनही, तशीच सोडली! लोक भांडायला आले नाहीत. नुसते यायचे थांबले. बोळात दुपारी झाडलोट करून झाली की काही काम उरेना. कौशल्या टेबलाशी बसून राहायची आणि तिची बोटं गप्प असायची.

आला तो वैजनाथ. गुलटेकडीच्या बाजूला त्याचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा होता. "मिस्त्री, तुमच्याबद्दल ऐकलंय," तो मोकळेपणाने हसत म्हणाला. "ऐकून गप्प बसणारा माणूस शोधत होतो. फक्त दिवे घालवायचे. गाडी विकली जाईपर्यंत विझून राहिले की झालं."

त्याची पहिली गाडी बोळात आली, तेव्हा बद्रीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. सवयच ती. कौशल्येने अंगठीचं बोट आपटलं. आत काहीतरी वाईट ठोकत होतं. बद्रीने लगेच बॉनेट बंद केलं. "आधी इंजिन उघडा, मग कोड उडवतो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा जुन्या बद्रीसारखा ताठ झाला. वैजनाथ हात जोडून गाडी परत घेऊन गेला. त्या महिन्यात दुसरी गाडी आली नाही. लबाड म्हणवून घेतलं, पण लबाडी या माणसाला जमत नव्हती. कौशल्येला त्याचा अभिमान वाटायला हवा होता, पण तिला रडू आलं. रात्री तो छताकडे बघत पडून राहायचा. हाताला काम नसलेला बद्री तिच्याने बघवत नव्हता.

शेवटी तीच वैजनाथकडे गेली. "पाठवा," म्हणाली. "आता ते काही म्हणणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी एक पांढरी गाडी आली. पिवळा दिवा लागलेला. बद्रीनाथने स्कॅनर जोडला, मग बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे किलकिले केले आणि टेबलाकडे पाहिलं.

इंजिन आतून ठोकत होतं, डब्यात खडे घालून हलवावेत तसं. कौशल्येला आता अशी टकटक झोपेतही ओळखू आली असती. तिला पूर्वाची आठवण झाली. ही गाडी कुणाची तरी पूर्वा घेईल, तिला वाटलं, आणि स्वतःची किळस आली.

तिने अंगठीचं बोट मुठीत दाबून धरलं. बाकीची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली आणि संथ, एकसारखा ताल धरला.

बद्रीनाथ खूप वेळ त्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"बघ," तो म्हणाला, "इंजिन किती छान चाललंय. उगाच दिवा लागलाय." आणि त्याने कोड उडवला.