अण्णांच्या दुर्बिणीचा सरंजाम

दुर्बीण घेतली की माणूस आकाश बघतो, हा माझा समज बंगळुरातल्या आमच्या घरमालकांनी कायमचा मोडून काढला. आकाश आम्ही भाडेकरू बघायचो. ते दुर्बीण बघायचे. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी पुण्याहून येऊन मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे, मीही म्हणू लागलो. मूळचे निपाणीकडचे, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर सुटे भाग करून देण्याचा लहानसा कारखाना. अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, हा त्यांचा बाणा. गच्चीवरच्या आरशाच्या दुर्बिणीलाही तोच नियम होता. कधीही विचारा, "स्वल्प थांबा हो, अजून तयार नाही," हे उत्तर ठरलेलं.

एकदा कंपनीनं मला अमेरिकेला पाठवलं. येताना मी मोठ्या ऐटीत त्यांच्यासाठी भिंगांची चकचकीत पेटी आणली. अण्णांनी मुलगी बघायला आल्यासारखी एकेका भिंगाची चौकशी केली. सगळ्यात शक्तिशाली भिंग लावून शनी बघितला आणि म्हणाले, "मोठं दिसतंय की. पण पिठल्यासारखं." सूर्य बघण्यासाठी भिंगावर बसवायची एक काळी काच होती, ती त्यांनी फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडली. "तापून तडकली तर डोळा जातोय. असली वस्तू दुसऱ्याला फुकटसुद्धा देऊ नये." अख्ख्या पेटीतून त्यांनी एकच भिंग ठेवलं, चष्मा न काढता बघता येईल असं. मला रागच आला. मग लक्षात आलं, अण्णांना चष्माच नव्हता.

जाड भिंगांचा चष्मा होता तो अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला. मग बाकीच्या सरंजामाचाही उलगडा झाला. वरखाली होणारं स्टूल अक्कांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून. दुर्बिणीच्या तिकाटण्याच्या पायांखालचे रबराचे तुकडे त्यांच्या चालण्यानं चित्र हलू नये म्हणून. अक्कांना शनीचं कडं दाखवायचं, हे अण्णांच्या मनात होतं. "एकदा वर आली आणि नीट नाही दिसलं, तर परत येणार नाही ती," ते मला म्हणाले. खाली कॉफी देताना अक्का मला सांगत, "वर त्यांचं काय चाललेलं असतंय कुणास ठाऊक. मला कोण विचारतंय?" चारचौघांत बायकोला हाक मारायची त्या घरात पद्धत नव्हती, आणि न बोलावता जायची अक्कांची नव्हती. मधल्या मध्ये मी कॉफी पीत होतो.

एका संध्याकाळी गल्लीतली वीज गेली आणि शनी कधी नव्हे इतका स्वच्छ दिसला. न राहवून मी कठड्यावरून ओरडलो, "अक्का, वर या हो!" अण्णा दचकले, स्टुलाचा एक स्क्रू अजून त्यांच्या मनासारखा बसला नव्हता. अक्का पदर खोचून, जिन्याचा कठडा धरत वर आल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला. शनी सरकला की अण्णा हळूच नळी वळवत.

डोळा न काढताच अक्कांनी विचारलं, "हे रोज असतंय?"

"थंडीत असतंय की."

"मग एकदा हाक मारायची होती."

"तुझे गुडघे दुखतात म्हणून..."

"दुखतात. पण आले असते की मी."

अण्णांनी नळी उगाचच पुसली. मला तिथं उभं राहवेना. मी खाली जाऊन मेणबत्ती शोधत बसलो.

त्यानंतर थंडीत अक्का रोज वर जात. पण त्यांच्या वाट्याला फार थोडे हिवाळे आले. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्याला परतलो होतो, तिथून भेटायला गेलो. अण्णा मला आपण होऊन गच्चीवर घेऊन गेले. मी दुर्बिणीची चौकशी केली.

"नुसती नळी आणि आरसा होता ना, तेव्हाच बोलवायला पाहिजे होतं तिला," ते म्हणाले. "कडं तेव्हाही दिसत होतंच की."