पोलिओच्या थेंबात स्टिकर का नाही?

आज रामाकोन्याला पोलिओ बूथवर ड्युटी होती. मी शाळेतला मास्तर, माझं काम लेकरांच्या बोटाला शाई लावायचं.

संत्र्याचा बगीचा असलेली एक बाई पोरीला घेऊन आली. म्हणाली, "सर, हे थेंब किती डाव पाजता? फवारणीत आम्ही स्टिकर टाकतो, मंग औषध पानाले चिपकून राहते. यात नाही टाकत का?"

बाजूला थेंब पाजणाऱ्या नर्सताई म्हणाल्या, "पोटात जुलाबाचे जंतू असले का लस पुरी लागत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा द्या लागते."

"अन् जंतू कुठून येतात?"

"पाण्यातून."

तिनं पोरीला थेंब पाजून घेतले अन् समोरच्या नळाकडे पाहत राहिली. नळाला लागूनच नाली वाहून राहिली होती.

मंडळी, तुमच्या नळाजवळून काय वाहून राहिलं?