राउटर आईच्या खोलीत होता

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय... वाचतो म्हणजे हसायला वाचतो, खोटं कशाला बोलू! प्लांटमध्ये एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. भट्टीचं तापमान असो की गॅसचं प्रेशर, काटा दाखवतो ते खरं आणि बाकी सगळ्या गप्पा, हा माझा खाक्या. पांढऱ्या साडीतली बाई बघितलेले आमच्या डिपार्टमेंटमध्येही दोघं-तिघं होते. मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून यायला सांगायचो. ज्युनिअर पोरं माझ्या नावानं बोटं मोडायची ती वेगळ्याच कारणानं. सारखा वाजून त्रास देतो म्हणून कोणी अलार्म बायपास केला, की मी अख्खं डिपार्टमेंट डोक्यावर घ्यायचो. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

तर जागा – भिलाई, सेक्टर १०, तळमजल्याचं क्वार्टर, आम्ही लीजवर घेतलेलं. पुढे हॉल, त्याला लागून आईची खोली, मागे स्वयंपाकघर. घरात तिघंच. मी, माझी बायको वंदना आणि आई. वंदना शाळेत शिकवते, चारला येते. आई ब्याऐंशीची. कमरेचं हाड मोडल्यापासून पलंगावरच असते आणि इन्सुलिन चालू आहे. आवाज बारीक झालाय म्हणून मी तिला पितळेची पूजेची घंटी आणून दिली होती, काही लागलं तर वाजव म्हणून. तिनं ती उशीखाली ठेवली आणि एकदाही वाजवली नाही. मुलाला त्रास द्यायचा नाही म्हणजे नाही, हा तिचा जन्माचा हट्ट.

रिटायर झाल्यावर मला एकच चैन, दुपारी जेवून इंटरनेटवर पोलिसी मालिका बघायच्या. फायबरची वायर रस्त्याकडून येते, म्हणून राउटर आईच्या खिडकीत बसवलेला. डिसेंबरपासून टीव्ही अडकायला लागला. ऐन रंगात आलं की चित्र थांबणार आणि मधोमध ते गोल चक्कर फिरत बसणार! मग उठायचं, आईच्या खोलीत जायचं, राउटर बंद करून चालू करायचा. तिथे गेलोच आहे तर दिसायचं, की तिचं पांघरूण खाली पडलंय, किंवा पाण्याचा गडू हाताला येत नाहीये. ते करून परत यायचो तर टीव्ही चालू!

माणूस रिटायर झाला तरी सवय कुठे जाते... मी रजिस्टर घातलं. तारीख, वेळ, राउटरचे लाइट, कारवाई, कारण. मालिकेचं ॲप काढून पुन्हा टाकलं, टीव्ही अपडेट केला, वाय-फायचा बँड बदलला. मोबाइलवर स्पीड बघावा तर उत्तम. कारणाचा रकाना कोराच राहत होता आणि माझं डोकं फिरत होतं. वंदना म्हणाली, “तुमाले टीव्ही पाहाचा आहे का टीव्हीची ड्यूटी कराची आहे?”

शेवटी फायबरवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन लावून बघितलं आणि म्हणाला, “अंकल, लाइन मा कोनो दिक्कत नइ हे. राउटर को हॉल में ले आओ, सीधा वायर टीवी में डाल दो, टंटा ही खतम.”

तसंच केलं. राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. आणि काय सांगू, टीव्ही एकदम मक्खन! आठ दिवस एकदाही चक्कर नाही. मी वंदनाला दहा वेळा ऐकवलं. एका संध्याकाळी इन्सुलिन द्यायला गेलो तर आई म्हणाली, “आता तुहा टीव्ही चांगला चालते वाट्टे.”

“हो ना, एकदम मस्त.”

“बरं झालं बाबू,” ती म्हणाली आणि खिडकीकडे बघत राहिली.

मी सिरिंज फेकून हॉलमध्ये येऊन बसलो. ते वाक्य तेव्हा मला कळलं नाही, याची आजही लाज वाटते.

नवव्या दिवशी, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी टीव्ही थांबला. तेच चक्कर. राउटर हाताच्या अंतरावर, सगळे लाइट हिरवे. मला असा संताप आला! बसल्या जागी राउटर बंद-चालू केला. चक्कर. वायर काढून वाय-फायवर टाकला. चक्कर. टीव्हीचा प्लग काढला, मिनिटभर थांबून लावला. दुसरं ॲप लावलं, तरी चक्कर. मोबाइलवर मात्र तोच एपिसोड सुरळीत.

आमच्याकडे फॉल्ट शोधायची पद्धत म्हणजे एकेक गोष्ट वेगळी काढत जायची. मी नेटच काढून टाकलं. राउटर बंद, वायर बाहेर. ड्रॉवरमधून पुतण्याच्या लग्नाचा पेन ड्राइव्ह काढून टीव्हीला लावला. वरात दिसली, नवरदेव घोड्यावर बसला... आणि थांबला. मधोमध गोल चक्कर.

आता मला सांगा, पेन ड्राइव्हला कसलं बफरिंग? ते चक्कर ॲपचं. ॲप बंद, नेट बंद. ते यायलाच नको! मी रिमोट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. घामाच्या धारा लागल्या होत्या, जानेवारीत. रजिस्टर टीपॉयवर उघडं पडलं होतं. सहज नजर गेली ती कारवाईच्या रकान्यावर. चौदा ओळी, चौदाही ठिकाणी माझ्याच अक्षरात एकच गोष्ट – आईच्या खोलीत जाऊन राउटर रीसेट.

आईच्या खोलीत जाऊन.

मी धावलो. आई एका कुशीवर कलंडलेली, गाऊन घामानं चिंब, डोळे अर्धवट उघडे. हाक मारली, हलवलं... ओ नाही. शुगरचं मीटर लावलं तर आकडाच आला नाही, नुसतं ‘लो’. सकाळचं इन्सुलिन अंगात आणि दुपारच्या ताटात पोळी तशीच; ताट वाढून दिल्यावर मी परत येऊन बघितलंच नव्हतं. ग्लुकोजची पावडर बोटावर ओली करून तिच्या गालाच्या आतून चोळत राहिलो. तोंडानं काय बडबडत होतो मला आठवत नाही. देवाचं नाव घेतलंही असेल, आता कशाला नाही म्हणू.

किती वेळ गेला माहीत नाही. तिच्या घशाची हालचाल झाली. तिनं गिळलं.

आणि हॉलमध्ये एकदम बँड वाजायला लागला. लग्नाचा व्हिडिओ सुरू झाला होता. आपोआप. रिमोट माझ्या खिशात होता.

शेजाऱ्यांच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं. सलाइन लागलं, संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कब से ऐसी थीं?” मी म्हणालो, दो बजके सत्रह मिनट से. त्यांनी मान वर करून बघितलं. “इतना पक्का कैसे पता? आप पास में थे?”

मी पास में होतो. भिंतीच्या अलीकडे. बारा मिनिटं टीव्ही दुरुस्त करत होतो. हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आणल्यावर मी रजिस्टर घेऊन आईजवळ बसलो आणि एकेक तारीख-वेळ वाचून विचारत गेलो. सगळं तिला कुठून आठवणार! पण जेवढं आठवलं तेवढं पुरे होतं. “हो, तवा मले लय तहान लागली होती. मनात आलं आन् तू आलाच.” “त्या दिवशी ऊन डोयावर येत होतं.” “थंडी वाजत होती, मंग तू आला.”

“अगं पण आवाज कावून नाही दिला? घंटी कायले दिली तुले?”

“तू टीव्ही पाहून राहिला होता ना,” ती म्हणाली. “कायले उठवाचं.”

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. साठी ओलांडलेला माणूस, नळ सोडून रडलो. ज्या एका गोष्टीसाठी जन्मभर पोरांना शिव्या घातल्या, ती मी माझ्या घरात, माझ्या आईच्या बाबतीत केली होती. सारखा वाजतो म्हणून अलार्म बायपास केला होता.

टीव्हीच खराब असेल, असं तुमच्यापैकी कोणीतरी लिहिणारच. मीही तेच म्हणालो. कंपनीचा माणूस येऊन बोर्ड तपासून गेला, काही नाही. योगायोग म्हणा. एक-दोनदा मीही म्हटलं असतं, चौदा वेळा मला म्हणता येत नाही. आणि त्या पेन ड्राइव्हचं काय करू?

राउटर परत आईच्या खिडकीत गेलाय. वाय-फायवर टीव्ही लावलाय, अगदी पहिल्यासारखा. तेव्हापासून तो एकदाही अडकला नाही. वंदना म्हणते, चांगलंच आहे ना, मग तोंड असं का? तिला कसं समजावू... अलार्म वाजत नाही याचे दोनच अर्थ असतात. सगळं ठीक आहे, नाही तर अलार्म बंद पडलाय. प्लांटमध्ये दर शिफ्टला टेस्ट बटण दाबून खात्री करायचो. याचं बटण कुठे आहे आणि ते कोणाच्या हातात आहे, मला माहीत नाही.

म्हणून दुपारी टीव्ही चालू असतो आणि मी दर दहा मिनिटांनी उठतो. खून कोणी केला ते मला हल्ली कळतच नाही. आई वैतागते. काल तर चिडलीच.

“बस ना रे एका जागी! टीव्ही तं चालून राहिला ना तुहा? मंग तू कावून घडीघडी उठून राहिला?”

काय सांगू तिला? मी पांघरूण नीट केलं, गडू तिच्या हाताजवळ सरकवला आणि राउटरचे लाइट बघायला आलो होतो, असं म्हणालो.