मार्थाबाईनं रोवलेला झेंडा

माळवाडीच्या कंटेनर यार्डात सोमवारी अकरा वाजता इंजिनापुढं लाल झेंडा रोवला गेला आणि बारा वाजले तरी तो निघाला नाही.

रोवणारी मार्था भिंगारदिवे अठराव्या वॅगनीपाशी खडीत गुडघे टेकून बसली होती. वय सत्तेचाळीस. साडीवर पिवळं जाकीट, डोक्याला हेल्मेट, हातात करवतीचं झिजलेलं पातं. यार्डात तिचं काम एवढंच की गाडीवर चढवलेला प्रत्येक कंटेनर खाली नीट अडकलाय का ते बघायचं. या वॅगनी म्हणजे नुसते सांगाडे. भिंत नाही, छप्पर नाही; चाकांवर ठेवलेला लोखंडी पाट म्हणा. पाटाच्या कोपऱ्यांवर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीच्या पोटात स्प्रिंगवरचं एक नाक. वरून डबा टेकला की ते नाक बाहेर येतं आणि डबा आतून धरून ठेवतं. धरलं की 'खट्ट' वाजतं. एका डब्याला चार कोपरे, चार खट्ट.

पण हे डबे रविवारी चढवले होते, आणि रविवारी मार्था चर्चमध्ये असते. काल खट्ट ऐकायला कोणीच नव्हतं.

"किती झाले?" वैजनाथ फुंदेनं विचारलं. हा सुपरवायझर. तिच्यासारखा पाथर्डीकडचाच, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हजेरीचा तक्ता कायम काखेत.

"नऊ."

"नऊच तपासले व्हय?"

"तपासले सगळे. नऊ सुटे हायेत." तिनं पातं खुंटीच्या फटीत सारलं. ते कुठंही न अडखळता पलीकडं निघालं. "नाक बाहेर आलं असतं तर पातं हितंच अडलं असतं. आन हे बघ, का न्हाई आलं ते."

तिनं नखानं खरवडून तळहातावर काढलं. कांद्याची फोलपटं, लाल माती आणि ग्रीस यांचा लगदा उन्हानं वाळून खापरासारखा झाला होता.

हे फोलपटांचं ती सहा महिने सांगत होती. शेडमध्ये कांदा भरून झाला की हमाल फरशी झाडायचे आणि केर सरळ शेजारच्या रुळावरच्या रिकाम्या वॅगनींवर लोटून द्यायचे. त्यांचं तरी काय चुकलं? गावाकडं कांदा साठवायच्या चाळीपुढं असाच झाडतात. अंगणात लोटायचा, बाकीचं वारा बघून घेतो. पण खुंटीच्या पोटात गेलेलं वारा कसं काढणार? मार्था खुरप्यानं उकरत बसायची. त्यावरून तिचं नावच पडलं होतं, फोलपटवाली मावशी.

"अहो, पण रिकामे डबे हायेत," वैजनाथ खाली वाकून हळू आवाजात म्हणाला. "निर्यात थांबली म्हनून परत बंदराला चालल्यात. आत कांदा न्हाई, काय न्हाई. सुटं असलं तर असलं."

"रिकामं हाय म्हनूनच भ्या."

"म्हंजी?"

"तुज्या आईला इचार, कोपी कवा उडायची ते."

दोघांचीही घरं ऊसतोडीवर गेलेली. मार्थानं नऊ वर्षांची असताना पाहिलं होतं. दुपारी सगळे फडात होते, वावटळ आली आणि त्यांची कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी, चूल तेवढी जागेवर ठेवून उठली, बांध ओलांडून विहिरीच्या काठावर जाऊन पडली. शेजारच्या कोपीत बाळंतीण, दोन पोरं आणि ज्वारीचं पोतं होतं. ती कोपी जागची हलली नाही. "वजन आत असलं की वारा टेकतो, रिकामं दिसलं की उचलतो," असं तिचे वडील शलमोन तेव्हा म्हणाले होते, आणि पुढच्या मुक्कामाला त्यांनी कोपीच्या चारी कोपऱ्यांना दगड बांधले होते.

यार्डात ती आली झाडूवाली म्हणून. नवऱ्याचा, एडविनचा, टेम्पो बंद पडला तेव्हा. झाडता झाडता एका म्हाताऱ्या खलाशानं, म्हणजे रेल्वेच्या मदतनिसानं, तिला कोपरे बघायला शिकवलं. तो घरी बसला आणि काम तिच्याकडं आलं. कागदावर मात्र ती अजून झाडूवालीच होती.

ऑफिसातून करण साहेब आला. महिन्याभरापूर्वी पुण्याहून आलेला, वय तिशीच्या आत, बुटांवर अजून यार्डाची माती बसलेली नव्हती.

"काकू, नमस्कार. काय अडचण आहे?"

"नऊ डबे सुटे हायेत, साहेब. उचलून, खुंट्या साफ करून परत बसवायचे."

"किती वेळ?"

"तीन तास."

"एकला गाडी सुटली नाही तर पुढची वेळ कधी मिळेल ते रेल्वेच ठरवणार. मला वरून फोनवर फोन येतायत."

"मंग त्यास्नी सांगा, डबे सुटे हायेत."

"मनमाडला परत तपासणी होतेच ना?"

"मनमाडच्या अलीकडं अंकाईची खिंड लागती, साहेब. येत्या-जात्या गार्डांना इचारा तितला वारा. आन वाटंत फाटकं किती हायेत? फाटकाला टेकून मोटरसायकली उभ्या असत्यात. पोरंबाळं पुढं बसल्याली."

करणनं घड्याळ पाहिलं. आवाज चढवला नाही; चढवला असता तर बरं, असं वैजनाथला वाटलं. "काकू, तुमच्या हुद्द्यात गाडी थांबवणं येत नाही. कागदोपत्री तुम्ही इथं सफाईला आहात."

"व्हय. त्येच करती. खुंट्या सफा करायच्या ऱ्हायल्यात."

मागं कोणीतरी हसलं. करणचे कान लाल झाले. "फुंदे, झेंडा काढा."

वैजनाथनं तक्ता या काखेतून त्या काखेत घेतला. "साहेब, तेवढं सांगू नका. ज्यानं रोवला त्यानंच काढायचा असतो. हितं तसंच हाय."

"कुठं लिहिलंय?"

यार्डात हे लिहून दाखवायची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. माणूस वॅगनीखाली शिरताना झेंडा रोवून शिरतो. दुसऱ्यानं तो काढला आणि गाडी हलली, तर खालचा माणूस गेला. म्हणून ज्याचा झेंडा त्याचाच हात. मग झेंडेवाला जेवायला गेलेला असो, नाहीतर रुसून बसलेला असो.

करण स्वतःच चालत गेला. अठरा वॅगनी ओलांडून इंजिनापुढं. मार्था उठली नाही. तो निघाला तेव्हाच ती म्हणाली, "काढा, साहेब. मी हितं खालीच बसल्ये."

झेंड्याच्या दांडीला करणचा हात लागला तेव्हा इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हरनं डोकं काढलं. दौंडचा माणूस, पिकलेल्या मिशा, तोंडात बडीशेप.

"त्या बाईंनी काढला तर हॉर्न देतो. तुम्ही काढला तर मी डबा उघडून जेवायला बसतो. भेंडी आणलीय आज."

करणनं हात मागं घेतला. परत आला तेव्हा तो थेट तिच्यासमोर उकिडवा बसला. पहिल्यांदाच त्याच्या पँटला खडीची धूळ लागली.

"मला एक उचलून दाखवा," तो म्हणाला. "एकच. आणि तुमचं म्हणणं चुकीचं निघालं, तर उद्यापासून येऊ नका."

"बरोबर निघालं तर?"

तो पँटवरची धूळ झटकू लागला.

"ऱ्हाऊ द्या," मार्था म्हणाली. "बाबाजानभाई, आणा तुमचा हत्ती."

बाबाजान शेख, डबे उचलायच्या मोठ्या मशीनवरचा. सकाळपासून केबिनमध्ये बसून हे सगळं बिनतिकिटाचं बघत होता. "आधी कोणचा, आपा?"

"आधी सतरावा. तो चांगला हाय. साहेबांना चांगला कसा बोलतो ते ऐकू द्या."

मशीननं सतरावा डबा वर ओढला. डबा लगेच सुटला नाही. वॅगनीनं बोटभर मान वर केली, स्प्रिंगा करकरल्या, आणि मग खट्ट, खट्ट, चारही कोपरे एकामागून एक सुटले. बाबाजाननं तो अलगद परत टेकवला. पुन्हा चार खट्ट.

मग अठरावा. पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा तो वर गेला. आवाज म्हणून नाही. वॅगन जागची हलली नाही. चारी खुंट्यांवर वाळलेल्या लगद्याच्या टोप्या तेवढ्या दिसल्या.

वारा होता, आणि टांगलेला रिकामा डबा त्या वाऱ्यावर हळूहळू तिरका होत होता. बाबाजाननं घाईनं तो खाली घेतला.

"नऊही काढा," करण म्हणाला आणि फोन कानाला लावून शेडच्या मागं गेला. तिकडून त्याचं "हो सर, माझी जबाबदारी, सर" बराच वेळ ऐकू येत राहिलं.

खुरपं, तारेचा ब्रश आणि रॉकेलचा डबा घेऊन मार्था वॅगनीवर चढली. थोड्या वेळानं वैजनाथही तक्ता शेडच्या खिळ्याला अडकवून दुसरं खुरपं घेऊन आला. छत्तीस खुंट्या. पावणेचारला शेवटचं खट्ट वाजलं. मार्था इंजिनापर्यंत चालत गेली, तिनं झेंडा उपटला, गुंडाळला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

रेल्वेनं वेळ देईपर्यंत गाडीला सुटायला संध्याकाळ झाली. घरी जाताना करण साहेब तिच्याजवळ थांबला. "काकू, बरोबर तुमचंच होतं. पण वरचे विचारतायत, सफाई कामगारानं गाडी अडवलीच कशी. तुमचं नाव कापायला सांगितलंय. माझा नाइलाज आहे."

"तुमचा असंल," मार्था म्हणाली, आणि झेंडा तसाच काखेत घालून घरी गेली.

मंगळवारी सकाळी आठला ती गेटवर हजर. झेंडा काखेत, पातं पदराला. दुसरी गाडी लागलेली होती. बाबाजान मशीनवर बसला होता, पण मशीन बंद होतं.

"मी चालू करतो की," तो वरूनच ओरडून ऑफिसकडं सांगत होता. "पन डबा बसला का न्हाई ते मला हितनं दिसत न्हाई. खाली कोन उभं राहनार ते सांगा. साहेब, तुमी येता?"

ऑफिसच्या काचेआड करण उभा होता. तो आला नाही.

गेटवर वैजनाथ तक्ता घेऊन उभा. त्यानं तो तिच्यापुढं धरला. तिच्या नावावर लाल शाईची सरळ रेघ होती.

"नाव कापलंय, मार्थाबाई."

"दिसलं. परत लिव."

"माझी नोकरी जाईल."

"माझी गेल्यालीच हाय. मी काय घरी बसल्ये का?"

वैजनाथनं काचेकडं पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं आणि रेघेखाली नव्यानं लिहिलं, मार्था शलमोन भिंगारदिवे. पुढच्या रकान्यात सफाई लिहायचं असतं. तिथं त्याचं पेन जरा थांबलं, आणि त्यानं लिहिलं, लॉक तपासणी.

मार्थानं ते वाचायला मान वाकवली नाही. ती इंजिनाच्या दिशेनं निघाली होती.